चार तारांची गिटार : चित्रातली चूक की वेगळं वाद्य?



आजचा विषय वाद्यांचा आहे, पण सुरुवात मी दिलेल्या एका लाल फुलीपासून करते.

चौथीच्या वर्गासाठी मी वाद्यांवर एक कृतिपत्रिका तयार केली होती. चित्र बघायचं, वाद्याचं नाव लिहायचं, तारा मोजायच्या आणि आकडा लिहायचा. एकतारीला एक, व्हायोलिनला चार, असं सोपं काम. त्यात एक गिटार होती आणि एक बँजोही होता. पेपर तपासताना एका मुलाने गिटारसमोर '४' लिहिलेलं दिसलं. मी फुली मारली आणि शेजारी '६' लिहिलं. गिटारला सहा तारा असतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे!

पत्रिका हातात पडल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, मी मोजल्यात. चारच आहेत."

मी चित्र पुन्हा नीट पाहिलं. तारा चारच, खुंट्याही चारच. तरीसुद्धा माझ्या तोंडून काय निघावं? "चित्र चुकलं असेल रे." पोर गप्प जागेवर जाऊन बसलं. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र चैन पडेना. आपण मुलांना 'निरीक्षण करा' असं वर्षभर सांगतो. या मुलाने निरीक्षण केलं, आणि मी आठवणीतलं उत्तर त्याच्या निरीक्षणावर लादलं. म्हणून शोध घेतला. चित्र चुकलेलं नव्हतं. ती 'टेनर गिटार' होती, आणि तिची गोष्ट कृतिपत्रिकेतल्या शेजारच्या चित्रातूनच, म्हणजे बँजोमधून, सुरू होते.

आधी नावाचा घोळ सोडवू

त्याच मुलाने बँजोच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'हा बेंजो नाही.' त्याचे वडील बेंजो पार्टीत वाजवतात, त्यामुळे तो अगदी ठामपणे लिहिणार! आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत ज्याला 'बेंजो' म्हणतात, ते टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, आडवं ठेवून वाजवायचं वाद्य. त्याचं दुसरं नाव बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य तयार केलं, त्याच घराण्यातलं हे वाद्य.

अमेरिकेतला बँजो हे वाद्य पूर्णपणे वेगळं. गोल कडं, त्यावर ताणलेलं कातडं, त्याला लांब दांडी आणि वर तारा. आपल्या दिमडीला दांडी जोडून तारा लावल्या, अशी कल्पना करा, की चित्र डोळ्यांसमोर येईल. म्हणजे त्या मुलाचं हेही उत्तर त्याच्या परीने बरोबरच होतं. नाव सारखं असलं तरी वाद्यं दोन. या लेखात मी आपल्याकडच्या वाद्याला 'बेंजो' आणि अमेरिकेतल्या वाद्याला 'बँजो' म्हणते, म्हणजे गोंधळ होणार नाही.

बँजोला तारा किती?

बँजोचं मूळ आफ्रिकेत आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल-गांबिया भागात जोला लोकांचं 'अकोंटिंग' नावाचं वाद्य आजही वाजवलं जातं. भोपळ्याचं भांडं, त्यावर कातडं, काठीची दांडी आणि तीन तारा, त्यातली एक तार आखूड. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी अशा वाद्यांची ओळख सोबत नेली आणि कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेत जे मिळेल त्यातून ती पुन्हा घडवली. त्यातूनच बँजो तयार झाला.

एकोणिसाव्या शतकात पाच तारांचा बँजो रूढ झाला. पाचवी तार आखूड असते. तिची खुंटी बाकीच्या खुंट्यांबरोबर टोकाला नसते, दांडीच्या मध्येच बाजूला असते. ही तार अंगठ्याने छेडतात आणि तिचा एकच स्वर सारखा वाजत राहतो. सतारीच्या चिकारीची आठवण व्हावी असंच हे काम.

पुढे वादकांच्या हातात प्लेक्ट्रम आलं. म्हणजे तारा छेडायची चपटी पट्टी, आपली मुलं तिला 'पिक' म्हणतात. पट्टीने सगळ्या तारांवर वरून खाली झपाझप वाजवायचं, तर ती एकसुरी आखूड तार मध्ये मध्ये येऊ लागली. म्हणून ती काढून टाकली. उरल्या चार तारा. हाच 'प्लेक्ट्रम बँजो'. बाकीच्या चार तारांची जुळणी होती तशीच ठेवली. सर्वांत खालच्या स्वराच्या तारेला सा मानलं, तर ती जुळणी सा, प, नी आणि वरच्या सप्तकातला रे अशी होते.

याच सुमारास अमेरिकेत मँडोलिनची मोठी लाट येऊन गेली होती. मँडोलिनच्या तारा चार जोड्यांत असतात आणि त्यांची जुळणी व्हायोलिनसारखी असते. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात, म्हणजे सा–प, मग त्या 'प'ला सा मानून पुन्हा सा–प. मँडोलिन वाजवणारे आणि व्हायोलिन वाजवणारे भरपूर, पण नाचाच्या कार्यक्रमात हवा होता बँजोचा खणखणीत आवाज. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार तारांचा, आखूड दांडीचा आणि पंचमात जुळवलेला 'टेनर बँजो' आला. त्याची जुळणी पाश्चात्त्य स्वरांत सी, जी, डी, ए. मँडोलिनवाल्याला बोटांची ठेवण नव्याने शिकायला नको. वाद्य बदललं, पण बोटांना वाटा ओळखीच्याच राहिल्या.

हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

बँजोवाल्यांवर आलेली वेळ

१९२० च्या दशकातल्या जाझ वाद्यवृंदात बँजो हवाच असायचा. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ड्रम यांच्या गोंगाटात गिटारचा मऊ आवाज बुडून जायचा, पण बँजोचा कातडी आवाज त्यातूनही कानापर्यंत पोहोचायचा. तेव्हाचं ध्वनिमुद्रणही कर्ण्यासमोर वाजवून होत असे. तिथेही मोठ्या, तुटक आवाजाच्या वाद्याचीच सोय होती.

१९२५ पासून मायक्रोफोन वापरून ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि चित्र बदललं. मऊ आवाजही आता नीट पकडला जाऊ लागला. गिटारही जास्त दमदार झाली. गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हायोलिनसारखी फुगीर पाठ-पोट असलेली 'एल-५' गिटार आणली होती. एडी लँगसारख्या वादकाने सहा तारांच्या गिटारवर काय काय करता येतं ते ऐकवलं. लोकांची आवडही बदलत गेली. बँजोच्या टणटणाटाऐवजी गिटारचा सलग, भरीव आवाज हवासा वाटू लागला.

आता त्या बँजोवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दहा वर्षं रोज रात्री टेनर बँजो वाजवून घर चालवलं आहे. बोटं न बघता चालतात. आणि आता वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणतो, "पुढच्या महिन्यापासून गिटार हवी." सहा तारा, वेगळी जुळणी, वेगळी बोटं. पोटासाठी वाजवणाऱ्या माणसाला दोन वर्षं घरी बसून नव्याने शिकणं परवडेल का?

इथे चार तारांची गिटार कामाला आली. गिब्सन आणि मार्टिन या दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी १९२७ च्या सुमारास 'टेनर गिटार' बाजारात आणली. अंग गिटारचं, लाकडाचं, आवाजही गिटारचा. पण तारा चार, दांडी अरुंद आणि आखूड, आणि जुळणी टेनर बँजोचीच, म्हणजे सी, जी, डी, ए. बँजोवाल्याने ती हातात घ्यायची आणि त्याच रात्री वाजवायला बसायचं. प्लेक्ट्रम बँजोवाल्यांसाठी तशीच 'प्लेक्ट्रम गिटार'ही निघाली. तिची दांडी लांब आणि जुळणी प्लेक्ट्रम बँजोची. याच काळात नॅशनल कंपनीने धातूच्या अंगाच्या, आत ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवलेल्या गिटारी काढल्या. त्यांच्यातही चार तारांचे प्रकार होते. त्यांचा आवाज मोठा असल्यामुळे बँजोवाल्याला त्या आणखी जवळच्या वाटल्या असतील.

म्हणजे चार तारांची गिटार ही दोन तारा तुटलेली किंवा अर्धवट गिटार नाही. बँजोवाल्याच्या हातांची सवय तशीच ठेवून त्याला गिटारपर्यंत नेणारा तो पूल आहे.

दोघींची ओळख कशी पटवायची?

मुलांना हे प्रत्यक्ष मोजायला आवडतं, म्हणून आकडे देते. तारेचा वाजणारा भाग, म्हणजे वरच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंतची लांबी, टेनर गिटारमध्ये साधारण २३ इंच असते. प्लेक्ट्रम गिटारमध्ये ती २६ ते २७ इंच भरते. आपल्या नेहमीच्या सहा तारांच्या गिटारमध्ये ती साधारण २५ इंच असते. म्हणजे टेनर नेहमीच्या गिटारपेक्षा आखूड आणि प्लेक्ट्रम लांब.

टेनर आखूड का? कारण जुळणीत आहे. पंचमात जुळवलेल्या दोन शेजारच्या तारांमध्ये पेटीवरच्या सात पट्ट्यांचं (काळ्या-पांढऱ्या धरून) अंतर असतं. सहा तारांच्या गिटारमध्ये बहुतेक शेजारी तारांत पाचच पट्ट्यांचं, म्हणजे सा–म एवढं अंतर असतं. अंतर जास्त तर एकाच तारेवर बोटांना लांबपर्यंत जावं लागतं. दांडी आखूड केली की पडदे जवळ येतात आणि बोटं पोहोचतात. प्लेक्ट्रमच्या वरच्या तारा मात्र एकमेकींच्या जवळच्या स्वरांत असतात, त्यामुळे तिथे लांब दांडी चालते.

पालकांसाठी एक सूचना. चार तारा दिसल्या म्हणजे टेनर गिटारच, असं समजू नका. बेस गिटारलाही बहुतेक वेळा चारच तारा असतात, पण त्या जाड असतात आणि आवाज खर्जातला असतो. युकुलेलीलाही चार तारा असतात, पण ते वाद्य लहान आणि तारा नायलॉनसारख्या मऊ. टेनर गिटारच्या तारा धातूच्या असतात आणि अंग छोट्या गिटारसारखं असतं.

पुलावरून पुढे कोण कुठे गेलं?

मला सगळ्यात जास्त आवडला तो हा भाग. पूल सगळ्यांना सारखाच मिळाला, पण प्रत्येकाने त्याचा उपयोग वेगळा केला. बरेच जण काही वर्षांत सहा तारांच्या गिटारकडे वळले. त्यांना चार तारांची गिटार फक्त पलीकडे जाण्यापुरती हवी होती. काही जण मात्र चार तारांवरच राहिले.

एडी काँडन हे त्यातलं एक मोठं नाव. सुरुवात युकुलेलीवर, मग बँजो, आणि नंतर आयुष्यभर चार तारांची गिटार. जुळणी प्लेक्ट्रम बँजोचीच. शिकागो आणि न्यूयॉर्कच्या जाझमध्ये त्याचा दबदबा होता, पण एकट्याने वाजवून दाखवायची हौस त्याला फारशी नव्हती. मागे बसून लय धरून ठेवायची, हे त्याने आपलं काम मानलं.

टायनी ग्राइम्सचं अगदी उलट. त्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारी चार तारांची गिटार हाती घेतली, आणि तीही पुढे येऊन वाजवण्यासाठी. १९४३ मध्ये तो पियानोवादक आर्ट टेटमच्या त्रयीत होता. टेटमच्या वेगाशी जुळवून घेणं भल्याभल्यांना जमत नसे. १९४४ मध्ये ग्राइम्सच्या ध्वनिमुद्रणात सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर होता. म्हणजे नव्या जाझचा आवाज जिथे घडत होता, तिथे चार तारांची गिटार हजर होती. दोन तारा कमी आहेत म्हणून तिचं काही अडलं नाही.

तिसरा निक रेनॉल्ड्स. 'किंग्स्टन ट्रायो' या लोकगीतं गाणाऱ्या त्रयीत तो मार्टिनची टेनर गिटार वाजवायचा. १९५८ मध्ये त्यांचं 'टॉम डूली' गाणं अमेरिकेत प्रचंड गाजलं. त्याने मात्र बँजोची जुळणी सोडून डी, जी, बी, ई अशी जुळणी घेतली होती. म्हणजे सहा तारांच्या गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारा. गंमत पाहा, बँजोवाल्यांना गिटारकडे आणण्यासाठी केलेला पूल आता गिटारची बोटं येणाऱ्यालाही सोयीचा झाला. त्याच त्रयीत त्याच्या शेजारी पाच तारांचा बँजोही वाजत होता!

वर्गात करून पाहण्यासारखं

खर्च फारसा नाही. दोन छोटे प्रयोग सांगते.

पहिला प्रयोग कातडं आणि लाकूड यांच्यातला फरक ऐकण्याचा. एका रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या तोंडावर फुगा कापून घट्ट ताणून बांधा. दुसरा एक पातळ लाकडी खोका घ्या. दोन्हींवर एकाच उंचीवरून एकेक शेंगदाणा टाका. फुग्यावरचा आवाज आणि लाकडावरचा आवाज कसा वेगळा आहे, हे मुलांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. बँजोची तार कातडं हलवते आणि गिटारची तार लाकडी पाट हलवते. तार तीच असली तरी ती ज्याला हलवते त्यामुळे आवाज बदलतो. बँजोचा आवाज चटकन उठतो आणि चटकन विरतो, गिटारचा रेंगाळतो.

दुसरा प्रयोग पंचम शोधण्याचा. एका फळीवर दोन खिळे ठोकून नायलॉनचा दोरा घट्ट ताणा आणि खाली दोन पेन्सिली अशा सरकवा, की मधली लांबी बरोबर ६० सेंटिमीटर होईल. दोरा छेडा. हा झाला सा. आता ४० सेंटिमीटरवर दोरा हलकेच दाबून तो ४० सेंटिमीटरचा भाग छेडा. प ऐकू येईल. ३० वर वरचा सा. मुलं लगेच अपूर्णांक मांडतात, दोन-तृतीयांश म्हणजे प आणि अर्धा म्हणजे वरचा सा. टेनर गिटारच्या एका तारेकडून दुसऱ्या तारेकडे जाताना हाच सा–प संबंध तीनदा येतो, हे मग सांगायला सोपं जातं.

डी.एड.ला आपण एक सूत्र पाठ केलं होतं

'ज्ञाताकडून अज्ञाताकडे.' परीक्षेत लिहिलं, गुण मिळाले, आणि वर्गात आल्यावर मी तरी ते पुष्कळदा विसरले.

एक उदाहरण देते. माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसते. १०० मधून ६३ वजा कर म्हटलं की ती हातचा घेत नाही. ती म्हणते, "त्रेसष्टला सात दिले की सत्तर, आणि तीस दिले की शंभर. सदतीस." सुटे पैसे परत देण्याची ही पद्धत. उत्तर बरोबर, वेळही कमी. आणि मी काय करत होते? "हे असं नाही, पुस्तकातल्यासारखं कर" म्हणत तिच्या हातातून तिचं वाद्य काढून घेत होते. आता मी आधी तिच्या पद्धतीने फळ्यावर मांडते, मग शेजारी पुस्तकातली पद्धत मांडते आणि दोन्हींत सात आणि तीस कुठे दिसतात ते तिलाच शोधायला सांगते. पुस्तकातली पद्धत तिला शिकायचीच आहे, त्यात सूट नाही. पण तिथपर्यंत ती स्वतःच्या बोटांनी चालत येते.

घरी वेगळी बोली बोलणारं मूल, शाळा बदलून आलेलं मूल, आजीकडून पाढे वेगळ्या चालीत शिकलेलं मूल, या सगळ्यांच्या हातात आधीचं काहीतरी असतं. काही मुलं पुलावरून पटकन पलीकडे जातात. काही ग्राइम्ससारखी त्याच चार तारांवर भन्नाट काहीतरी करून दाखवतात. कोण काय करेल हे आपल्याला आधी कळत नाही, म्हणून पूल काढून घेण्याची घाई नको.

त्या लाल फुलीचं काय झालं? दुसऱ्या दिवशी मी ती सगळ्या वर्गासमोर खोडली आणि सांगितलं, की मॅडमनी चित्र न बघताच तपासलं होतं, त्याने मात्र मोजलं होतं. मग टेनर गिटारची ही गोष्ट सांगितली. बँजोच्या चित्राखाली त्याने लिहिलेलं 'हा बेंजो नाही' हे वाक्यही बरोबर धरलं. तो काही बोलला नाही, नुसता हसला. पुढच्या शनिवारी त्याचे वडील त्यांचा बेंजो घेऊन शाळेत येणार आहेत. तारा किती आहेत ते मी आधी विचारलेलं नाही. मुलं मोजतील.